मागच्या रांगेचा फोटो

आकडा लहान केला की भोक मोठं होतं, ही उलटी अक्कल माझ्या डोक्यात शिरायला महिना लागला. भोक म्हणजे लेन्समधलं ॲपर्चर. अमरावतीच्या ज्या स्टुडिओत मी शनिवारी शिकायला जायचे, तिथले चाचा शेवटी कंटाळून म्हणाले, "बेटा, एक मानूस असन त एक पॉइंट आठ ठेव. मांगचं सगळं पुसल्या जाते. रांगा असल्या त अकरावर जाय. पयले रांगा मोज, मंग बटन दाब." मी मान डोलावली. मला फक्त ते पुसणं आवडलं होतं. मागच्या तारा, शेजाऱ्यांची टाकी, सगळं विरघळून जायचं आणि मी स्वतःवरच खूश.

मग अकोल्याला चुलतबहिणीचं लग्न निघालं. तिने एकच मागितलं, त्या दिवसाचा आईसोबत एक चांगला फोटो. तिची आई म्हणजे माझी मोठी आई. मोठे बाबा गेल्यापासून शुभकार्यात ती मागेच राहते. तिला तसं कुणी सांगत नाही, पुढेही कुणी बोलावत नाही. मला याचा संताप येतो. नवरीला मध्ये बसवून बायकांच्या तीन रांगा झाल्या, तेव्हा मी मोठ्या आईला हात धरून आणलं.

"राहू दे वं, मी अठीच बरी हाओ," म्हणत ती तिसऱ्या रांगेच्याही दोन पावलं मागे, खांबाजवळ थांबली. पुढे ये म्हणून मी भांडले. ती नुसती हसली. तिच्यामागे खुर्च्यांची चळत आणि दोन कूलर दिसत होते. तेवढं पुसावं म्हणून मी आकडा एक पॉइंट आठवर आणला. कॅमेऱ्याच्या टीचभर पडद्यावर सगळं छान दिसलं.

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा कळलं. नवरीच्या मुंडावळ्यांतला मोती न मोती मोजता येत होता. मागच्या रांगा मात्र धूसर होत गेल्या होत्या. खुर्च्या आणि कूलर पुसले गेले होते, आणि त्यांच्यासोबत मोठी आईही. लुगड्याचा फिका रंग तेवढा उरला होता, त्यावर चेहरा नव्हता. मी चाचांकडे धावले. "जे आलंच नाही ते कुठून काढू, बेटा?" ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. बहीण तोवर धारणीला सासरी गेली होती. तिच्यासाठी पुन्हा मांडव थोडाच घालता येणार होता.

मोठ्या आईकडे फ्रेम घेऊन गेले, ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. तिने अंगणात उजेडाकडे फोटो धरला. जवळ नेला, लांब नेला, पदराने काच पुसून पाहिली.

"पोरगी कशी मस्त दिसून राह्यली," ती म्हणाली. "माह्याच डोयाले मांगचं दिसत नाही आता. मोतीबिंदू वाढला वाटते. मी हाओ ना वं याच्यात?"

"हायेस ना," मी म्हटलं, आणि तिचं बोट धरून खांबाजवळ टेकवलं.