प्रमिलाबाईंची ओळ

तळेगावच्या बाजाररस्त्यावर ताराचंदशेठचं कापडाचं दुकान आहे. गावात मरण झालं की पहिला माणूस त्यांच्याच दारात येतो, कोरं कापड घ्यायला. शेठ ताग्यावरून कापड फाडतात, घडी करतात आणि ती हातात देण्याआधी खालच्या आवाजात विचारतात, "डोळ्यांचं काही बोलणं झालं का घरात?"

या सवयीपायी पानठेल्यावरची मंडळी त्यांना सोडत नाहीत. "शेठ समोरून आले का डोळे मिटून घ्या रे बाप्पा."

"मिटलेलेच पाहिजेत मले," शेठ म्हणतात. "उघडे राहू द्या तुमच्याजवळ, पोरी पाहाले."

ज्यांनी जिवंतपणी नेत्रदानाचा फॉर्म भरला त्यांची यादी दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे. डोळे दिले गेले की शेठ त्या माणसाचं नाव दुसऱ्या पानावर नेतात आणि पहिल्या पानावरची ओळ काढून टाकतात. खालची नावं वर सरकतात. एकाच ओळीचं तसं झालं नाही.

दोन उन्हाळ्यांमागे त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गेल्या. शेठनी त्यांचं नाव दुसऱ्या पानावर लिहिलं, पहिल्या पानावरचं पुसलं. पण ओळ काढायला बोट काही पुढे होईना. त्यांच्या घराण्यात माणूस गेलं की गादीवरची त्याची जागा वर्षभर कोणी घेत नाही, तक्क्यासुद्धा हलवत नाहीत. इथेही शेठनी तेच केलं. वर्ष उलटलं, ओळ रिकामीच राहिली. आणि प्रमिलाबाईंनंतर दुसऱ्या पानावर एकही नाव चढलं नाही. शेठ विचारत होते, पण विचारणाऱ्याचाच आवाज आता पहिल्यासारखा निघत नव्हता.

गेल्या आठवड्यात पुतण्या अंकित पुण्याहून आला होता. यादी पाहून म्हणाला, "काकाजी, हे फॉर्मच्या तारखेनं काऊन ठेवलं? नाव शोधाले किती टाइम जाते. थांबा, अक्षरानं लावून देतो." एका क्लिकसरशी नावं झरझर हलली. वर अ, खाली ह. शेठना ते फार आवडलं.

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात धनंजय वाकून आत आला. गावालगत त्याची शेती. आनंदाबाईंचा मुलगा, नलूचा भाऊ.

"काकाजी, माय गेली पहाटे. कापड द्या."

शेठचा हात ताग्यावरच राहिला. आनंदाबाई म्हणजे प्रमिलाबाईंची जिवाची मैत्रीण. त्यांना नेहमीचा प्रश्न विचारावा लागला नाही, धनंजयच बोलला.

"नलू म्हणते, मायनं डोळ्यांचा फॉर्म भरला होता. मले नाई माहीत. घरी सारे रिश्तेदार जमले, म्हणून राह्यले का डोळ्याविना कशी धाडता म्हातारीले. मी सांगून आलो, मायची सही असन तर मी कोणाचं ऐकत नाई. नसन, तर मायले हात लावू देत नाई. तुम्ही पाहून सांगा."

शेठनी यादी उघडली. आचल, आनंदराव, आशा. पुन्हा वरून बोट फिरवलं. आचल, आनंदराव, आशा.

"नाई दिसत," ते म्हणाले.

"मंग द्या कापड. नलूले सांगतो मी."

शेठनी तागा उलगडला. कापड फाडतानाचा तो चर्र आवाज निघाला आणि त्यांना ओसरीवरची एक दुपार आठवली. प्रमिलाबाईंनी सही केली, आणि आनंदाबाईंनी त्यांच्या हातातला पेन ओढून घेतला. "भाऊ, माह्यं नाव वहिनीच्या खाली लिहा. वर गेल्यावर दिसलं नाई, तर एकमेकीचा हात तं धरता येईन."

वहिनीच्या खाली.

शेठनी कापड तसंच सोडलं आणि यादी खाली ओढत नेली. ह संपला. मग ती रिकामी ओळ आली. तिच्याखाली आनंदाबाई होत्या. त्यांच्याखाली छाया, मधुकरराव, अंजू, आणखी कितीतरी, जशी भरली होती तशी, कुणीच न हलवलेली. अंकितनं नावं लावली तेव्हा मशीन त्या मोकळ्या ओळीपाशी येऊन थांबलं होतं. त्याच्या लेखी यादी तिथेच संपली होती.

"धनंजय, ये इकडं. पाह्य."

धनंजयनं वाकून वाचलं. आईचं नाव, पुढे आपलाच मोबाइल नंबर. "मंग मघाशी काऊन नाई दिसली?"

"मी झाकून ठेवली होती. तुह्या काकीची जागा मोकळी ठेवली, अन् तिच्यामागं अर्धं गाव झाकलं."

धनंजयनं पडद्यावरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "काकीले एवढी जागा लागत नव्हती, काकाजी."

शेठनी मान हलवली. "घरी जा. पंखा बंद कर, मायच्या डोक्याखाली उशी दे, पापण्यांवर ओला कापूस ठेवजो. सहा तासांच्या आत व्हाले पाहिजे. मी वर्ध्याच्या आय बँकेले फोन लावतो."

वर्ध्याची गाडी आली तेव्हा सकाळचं ऊन नुकतं अंगणात आलं होतं. आतलं काम होईपर्यंत नलू उंबऱ्यावर बसून राहिली आणि तिनं एकाही मामा-मावशीला आत जाऊ दिलं नाही. काम झाल्यावर पाहिलं तर चेहरा होता तसाच होता. कुरकुर करणारेही गप्प झाले. मग आनंदाबाईंना नेलं.

संध्याकाळी आंघोळ करून शेठ दुकानात आले आणि त्यांनी अंकितला फोन लावला. घडलं ते सगळं त्याला सांगितलं.

"चूक माही आहे, काकाजी. मी खालपर्यंत पाह्यलंच नाई. तुम्ही ती रिकामी ओळ डिलीट करा, मंग सॉर्ट करा. नाईतर..." तो जरा अडखळला. "ओळ ठेवाची असन तर तेही होते. सॉर्टच्या आधी सारी यादी सिलेक्ट करा. फक्त दर वेळी ध्यानात ठेवा लागते."

"मले नाई राहणार ध्यानात," शेठ म्हणाले. "अन् माह्यामागं कोणाच्याच नाई राहणार."

फोन ठेवून त्यांनी आधी दुसरं पान उघडलं. तिथे शेवटचं नाव प्रमिलाबाईंचं होतं. त्याच्याखाली त्यांनी सावकाश, एकेक अक्षर शोधत, आनंदाबाईंचं नाव लिहिलं.

मग ते पहिल्या पानावर आले. आनंदाबाईंची ओळ काढली. त्यानंतर वरची, रिकामी. छायाचं नाव सरकून ह ला जाऊन टेकलं, आणि यादीत कुठेच खंड उरला नाही.