वॉर्डातलं शिंपणं

लेक सात वर्षांची असताना तापामुळे तिला पनवेलला मुलांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे वॉर्डाच्या भिंतीवर एक स्पीकर होता आणि त्यातून पक्षी, लाटा, झरे असं काहीबाही वाजत असायचं. त्याने मुलांची भीती कमी होते म्हणे. मी नाक मुरडलं. दिवेआगरहून पोर एवढ्या लांब आणायची आणि इथे तिला डब्यातली लाट ऐकवायची, हे मला काही पटेना.

तिसऱ्या दिवशी सलाइनची सुई निघाली. नवी लावायला शीर सापडेना. औषध थांबवून चालणार नव्हतं आणि पोर सुजलेले हात पाठीमागे दडवून बसलेली. त्यात स्पीकरवर झरा सुरू झाला, तशी ती आणखीच बिथरली. "पाणी वाया जातंय. कुणीतरी वळवा ना."

"कसलं पाणी?" सिस्टरने विचारलं.

मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, आमची सुपारीची वाडी आहे. शिंपण्याच्या वेळी पंप लावला की पाटाचं पाणी एका झाडाच्या आळ्यात सोडायचं, ते भरलं की मातीने तोंड बंद करून पुढच्यात वळवायचं. हे काम हिचं. नुसतं वाहणारं पाणी हिला बघवत नाही.

दुसरी कुणी असती तर स्पीकर बंद करून मोकळी झाली असती. ही मुरूडची कोळीण, स्टूल ओढून बसली. "मंग तूच सांग, कुठं वलवू? आमी दर्यावरची मानसं, आमाला वाडीतलं काय कलतंय?"

पोरीने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि डोळे मिटले. विहिरीजवळचं पहिलं. भरलं. आता जायफळाचं. सिस्टर दर वेळी "वलवलं" म्हणायची आणि शीर चाचपायची. हात कधी पुढे आला, ते मलाही कळलं नाही. मग वादळात आडव्या झालेल्या ओळीची पाळी आली.

"इथे नवी रोपं आहेत. हळू सोडा, मुळं उघडी पडतात."

"हलूच सोडते," सिस्टर म्हणाली, आणि सुई आत गेली.

पोरीच्या कपाळाला आठी पडली, पण हात हलला नाही. रडले ती मी. कुठल्या पुस्तकात शिकतात हे, कोण जाणे.

थोड्या वेळाने झरा संपून पक्षी सुरू झाले. मीच उठून सिस्टरला गाठलं. म्हटलं, "पुन्हा पाणीच लावा ना. अजून अर्धी वाडी राहिलीय."