हरेश्वर सरांची न चुकलेली चाल

आज सकाळी हरेश्वर सर गेले.
त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास मात्र आधीच गेला होता. तो मी घालवला.

बोईसरमध्ये बुद्धिबळ शिकलेल्या बहुतेकांना सर आठवत असतील. तारापूरला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे आणि रविवारी पाम गावाहून सायकलवर येऊन आम्हाला शिकवायचे.

मी पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत मार्केटिंगला लागले. आमचा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम होता. बॉक्सवरची ओळ माझीच: 'याला हरवून दाखवा!'

पालघरला प्रोग्रॅम विरुद्ध प्रोग्रॅम अशी स्पर्धा निघाली. मालक तयार नव्हते.
"हरलो तर तुझ्या त्या ओळीचं काय?"
मीच हट्ट केला. जिंकलो तर बॉक्सवर 'विजेता' छापता येणार होतं.

अशा स्पर्धेत स्क्रीनवर आलेली चाल पटावर लावायला एक माणूस बसतो. ऑपरेटर. मी सरांना विचारलं.
"माझं डोकं लावायचं नाय ना? स्क्रीन सांगेल तेच करायचं? मग बसतो."

तिसऱ्या फेरीत समोर वाणगावच्या एका मॅडमनी घरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम होता. त्या तो सगळ्यांना फुकट देत होत्या.

आमच्या प्रोग्रॅमला एका प्याद्याची हाव सुटली. सरांनी स्क्रीनकडे दोनदा बघितलं. मग माझ्याकडे. मग मुकाट्याने घोडा उचलून प्यादं मारलं.
चार चालींत आमचा वजीर गेला. डावही गेला.

मालकांनी मला बाहेर बोलावलं.
"प्रोग्रॅम हरला असं बाहेर गेलं तर संपलं सगळं. ऑपरेटर चुकला म्हणून टाक."

लॅपटॉपमधली नोंद मी तपासली होती. स्क्रीनवरची प्रत्येक चाल आणि पटावरची प्रत्येक चाल एकच होती.

तरी मी टाकलं. 'ऑपरेटरने घोडा चुकीच्या घरात ठेवल्यामुळे...'
कंपनीच्या पेजवर. बोईसरच्या सगळ्या ग्रुपवर.
नाव लिहिलं नव्हतं. पण खुर्चीत कोण बसलं होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

"सरांचं आता वय झालं," पालक म्हणायला लागले. मुलं कमी झाली. मग क्लासच बंद झाला.

सर भांडले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी फक्त एकदा फोन केला.
"पोरी, खरं सांग. स्क्रीनवर दुसरंच घर होतं काय? मला तर तेच दिसलं होतं. पण आता नक्की नाय सांगता येत."

लॅपटॉप माझ्या टेबलावरच होता.

मी म्हणाले, "जाऊ द्या ना सर, जुनी गोष्ट झाली."

तो आवाज अजून येतो. भांडी घासताना येतो. मीटिंगमध्ये कोणी "नक्की ना?" विचारलं की येतो. ती नोकरी कधीच सोडली, तरी येतो.

आज पामला सरांच्या घरी गेले. काकू बाहेर ओटीवर बसल्या होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझी लय आठवण काढायचे गो. कुलूप लावलं काय, गॅस बंद केला काय, सारखं मला विचारायचे. म्हणायचे, माझा काय भरवसा नाय, माझ्यामुळं त्या पोरीला कंपनीत खाली बघायला लागलं."

मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

काकू रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मला कशाला सांगते? मी कदी मानलंच नव्हतं. तवा ज्यांना सांगितलंस, त्यांना सांग."

म्हणून हे लिहिलंय. त्या सगळ्या ग्रुपवरही टाकते आहे, माझ्या नावानिशी. तेव्हाची ती पोस्ट खोटी होती. प्रोग्रॅम हरला होता.

सर, तुम्ही घोडा बरोबर घरातच ठेवला होता.
हे फोनवर सांगायचं होतं.

नमस्कार, सर.