घोरणारे याकोबमामा

गावाकडं माणूस गेला तरी फोनवर कुणी तसं सांगत नाही. "जरा बरं न्हाई, लागलीच या," एवढंच म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. इंद्रजित वडूजचाच, त्याला हे पाळण्यातच कळायला हवं होतं. पण कुपवाडच्या फाउंड्रीत खोलीवरच्या जोडीदाराच्या, नानासोच्या अंगावर वितळलेलं लोखंड उडालं, तेव्हा त्यानं नानासोच्या आईला, धोंडुबाईला, फोन लावला. "नानासोला जरा भाजलंय, लागलीच या."

म्हातारीनं समजायचं ते समजून घेतलं. दोन जीपा भरून भावकी सांगलीला आली. बायकांनी दवाखान्याच्या जिन्यातच गळा काढला आणि धोंडुबाई ऊर बडवत थेट वॉर्डात शिरली. "कुटं गेलास रं माझ्या वाघा."

वाघ तिथंच होता. डोळे सुजून मिटलेले, कान शाबूत. आपल्या नावानं चाललेलं रडणं त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

"आईला आत सोडू नगा," तो नर्सला म्हणाला. "तिनं मला रडून घेतलंय."

भावकी परत गेली. मेंढरं काही आपली आपण चरून येत नाहीत. धोंडुबाई वॉर्डाच्या दाराशी बसून राहिली. डॉक्टरांनी इंद्रजितला बाजूला घेऊन सांगितलं की हा वाचणार नाही. म्हणजे उरलं एवढंच, की त्याआधी माय-लेक एकमेकांजवळ येतात का. मधली भिंत इंद्रजितनं एका फोनात बांधली होती. गवंडीसुद्धा इतका झपाट्यानं काम करत नाही.

याकोब लोखंडे त्याच फाउंड्रीत वाळूचे साचे करायचे. मिरजेचे ख्रिस्ती, निवृत्तीला टेकलेले. कुणी अंथरुणाला खिळलं की जाऊन बसायचं, ही त्यांची खोड. हातात शहाळं नाही, तोंडात उपदेश नाही. कारखाना सुटला की यायचे, हिरवा झगा चढवून नानासोच्या उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि थोड्या वेळात चक्क घोरायचे.

"मामा, झोपायचंच तर घरी झोपा की," इंद्रजित एकदा म्हणाला.

"आमच्या येशूनं मरणाच्या आदल्या राती दोस्तांस्नी म्हटलं, माझ्यासंगं जरा जागं बसा. दुसरं काय बी मागितलं न्हाई गड्या. तर सगळी झोपली."

"मग तुमी तरी काय येगळं करताय?"

"मी बी घोरतो. पर उठून जात न्हाई."

खाटेवरनं खसखस ऐकू आली. नानासो हसला होता, आणि हसल्यानं कातडं ताणून कण्हत होता. मामांनी 'देव बरं करील' म्हटलं नाही. कण्हणं थांबेपर्यंत ते नुसते बसून राहिले. इंद्रजितला तेवढंही बघवेना, तो बाहेर पळाला.

शनिवारी दुपारी नानासोजवळ बसायची पाळी इंद्रजितची होती. त्यानं मामांना फोन केला, "ओव्हरटाइम लागलाय." बोलला तो दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावरनं. मामा रजा टाकून आले. गाड्यावर त्यांना इंद्रजित दिसला, पण ते तसेच वर गेले. भीतभीत तोही मागनं गेला आणि दाराशी थबकला.

मामा दारात धोंडुबाईला म्हणत होते, "आक्का, माजी पाठ धरलीया. जरा खुर्ची सांभाळा."

म्हातारी झगा घालून आत गेली. पदराचा बोळा तोंडात कोंबून खुर्चीत बसली.

"मामा, आज घोरत न्हाईसा?" नानासोनं विचारलं.

भाजायचा राहिला होता तो डाव्या पायाचा अंगठा. म्हातारीनं तो मुठीत धरला, लहानपणी धरून झोपवायची तसा.

नानासोनं अंगठा सोडवून घेतला नाही.

"आई, रडू नगंस," मग तो म्हणाला. "बस नुसती."

ती बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हाही अंगठा तिच्या मुठीतच होता. या खेपेला रडायला तिच्याकडं आवाज उरला नव्हता.

महिन्याभरानं मामांचा फोन आला. त्याच दवाखान्यात जिनदत्त नावाचे एक म्हातारे व्यापारी आहेत, मुलं परदेशात, जवळ कुणी नाही. "त्या शनिवारची माजी दुपार तुज्याकडं फिटायची हाय, लेका. ऐतवारी बसतोस का?"

"व्हय मामा, बसतो की."

रविवारी इंद्रजित दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. समोरच्या गाड्यावर दोन चहा प्याला आणि गाडीला किक मारून कुपवाडला परतला. ती दुपार अजून फिटलेली नाही.