रोमच्या पोथीची समाप्ती

१६ जानेवारी १८६५ रोजी अमरावतीत एका गोऱ्या कापूस-व्यापाऱ्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात चांदूर बाजाराकडचे खुशालराव यांनी तीन रुपये सहा आण्यांना आरामखुर्ची घेतली. खुर्चीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पडलं होतं, ते फुकटात गाडीत आलं. पाठोपाठ व्यापाऱ्याचे बेकार झालेले कारकून वामनराव आले. पुस्तक मराठीतून वाचून दाखवायचे बैठकीला चार आणे, शिवाय दोन वेळचं जेवण, असं ठरलं. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव होता, त्यामुळे खुशालरावांनी घासाघीस केली नाही. त्यांचा सगळा कापूस अजून घरातच होता.

"हे रोम कुठं येते, पंत?" खुशालरावांनी विचारलं.

"विलायतेच्या वाटेवर. पण ही गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीची."

"मंग पोथीच झाली ना हे!" खुशालरावांच्या बायको गोदाबाई म्हणाल्या आणि पुस्तकाला पाट दिला, हळदकुंकू वाहिलं. पोथी लागली की समाप्तीपर्यंत यजमानानं गावची शीव ओलांडायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम.

पोथीत लुसियस नावाचा शिपाई होता. त्याचा एका गुलाम पोरीवर जीव जडला आणि राजाचा त्याच्यावर रोष झाला. मेजवानीत नको ते मांस आलं की वामनराव तिथं पुरणपोळी वाढत. खुशालराव खुर्ची सोडून जमिनीवर बसून ऐकत.

फाल्गुनात दलाल गोवर्धन धावत आला. "भाऊ, तिकडची लढाई संपाले आली म्हनते. भाव पडाच्या आत गाड्या जुंपा!"

"दोन बोटं पोथी राह्यली," खुशालरावांनी बोटं आडवी धरून दाखवली.

चैत्रात शेवटचं पान आलं. राजानं लुसियसला सिंहापुढे टाकलं आणि सिंहानं त्याला खाल्लं. वामनरावांनी पुस्तक मिटलं.

गोदाबाईंनी प्रसादाचं ताट परत आत नेलं. "मेल्या मानसावर समाप्ती? माह्या घरी नाई व्हत."

अंगणात गाड्या भरून उभ्या होत्या. खुशालरावांनी एकदा 'झालं' म्हटलं असतं तर बायकोनं नारळ फोडलाही असता. पण त्यांनी गाड्यांकडे पाठ फिरवली.

"पुढं वाचा, पंत."

"पुढं कोरं पान आहे."

"मंग थेच वाचा."

वामनरावांनी ते कोरं पान महिनाभर वाचलं. सिंह म्हातारा आणि बोळका निघाला. लुसियस निसटला, गडी होऊन एका मळ्यात राहिला, पोरीला शोधत दोन नद्या ओलांडून गेला. चार आणे आणि जेवण चालू असल्यानं वामनरावांना घाई नव्हती. गोवर्धनाचे लेखी निरोप येत होते. खुशालराव ते उशाखाली ठेवत.

वैशाखाच्या अखेरीस लुसियसचं त्या पोरीशी लग्न लागलं, नारळ फुटला, गाव जेवलं. दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या. अमरावतीच्या बाजारात भाव निम्म्याच्याही खाली आला होता.

"म्या तुमाले म्हनलं व्हतं, भाऊ," गोवर्धन कपाळाला हात लावून म्हणाला.

"म्हनलं व्हतं," खुशालराव म्हणाले. "पन मी आलो असतो त तो मेलाच असता."

घरी येऊन त्यांनी वामनरावांचा हिशोब केला. शेवटच्या बैठकीचे पैसे तेवढे दिले नाहीत, कारण त्यांच्या मते लग्न घाईत उरकलं होतं. ते चार आणे अजून देणं आहेत.