हरमलच्या जीपसाठी उतरवलेला बोर्ड

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की जानकीनं नवऱ्याचं कौतुक करता करता चारचौघांची उणीदुणी काढली. काढणारच. आमचे हे जन्मात कुणाला वाकडा शब्द बोललेले नाहीत, मग घरात एकानं तरी बोलायला नको?

ह्यांचं नाव घ्यायला मी काही लाजत नाही, बोर्डावरच लिहिलंय: बाबली गॅरेज, डिचोली. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं. ती ह्यांनी स्वतः रंगवली, म्हणून ‘गॅरेज’मधला ‘ज’ जरा बारीक झाला, जागा पुरली नाही. पण गेली बारा वर्षं तो बोर्ड रस्त्यावरून दिसतो आणि माणसं त्या नावानं गाडी आणतात.

हे मूळचे दोडामार्गाकडचे. विसाव्या वर्षी डिचोलीत मायनीच्या, म्हणजे खाणीच्या, वर्कशॉपात लागले. डंपर, जीप, लोडर, जे येईल त्याच्याखाली शिरायचं. मायनी बंद पडल्या तेव्हा ह्यांच्याबरोबरचे कितीजण गाव गाठून बसले. ह्यांनी वर्कशॉपातून एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे तिथली शिस्त. पाना वापरला की पुसून जागेवर. सुटा नट डबीत. आणि गरम गाडीला हात लावायचा नाही. डंपरच्या उकळत्या ऑइलनं एका सोबत्याची मांडी भाजलेली ह्यांनी पाहिली होती. तेव्हापासून कितीही मोठा माणूस गाडी घेऊन येवो, गाडी रात्रभर थंड होणार आणि मगच हे सकाळी चहा पिऊन तिच्याखाली जाणार. ह्या शिस्तीचा मला फार अभिमान. पुढं तीच आमच्या अंगाशी येणार आहे, हे मला काय ठाऊक!

तर ही गोष्ट हरमलच्या जीपची.

रामचंद्र म्हणून हरमलचे एक मासेमार. पाच होड्या, लाकडाच्या. रेतीवरून होडी ओढून वर घ्यायला त्यांनी जुनी फोर-व्हील जीप घेतली आणि आमच्या ह्यांच्याकडून तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लॉकर बसवून घेतला. लॉकर म्हणजे काय ते मी इतक्या वर्षांत शिकले आहे, म्हणून सांगते. रेतीत एक चाक रुतलं की ते बसल्या जागी गरगर फिरत राहतं, सगळी ताकद तिकडंच फुकट जाते, आणि दुसरं चाक ढिम्म. लॉकरचं बटण दाबलं की एका बारीक नळीतून हवा आत जाते, दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, आणि दोघांनाही फिरावंच लागतं. मग जीप निघते.

दोन वर्षं ती जीप मस्त चालली. ह्या वर्षी पावसानंतर मासेमारी सुरू झाली आणि लॉकर दगा देऊ लागला. कधी धरायचा, कधी नाही. बटण दाबलं की दिवा लागायचा, पण चाक आपलं एकटंच गरगरत राहायचं.

पहिल्यांदा जीप आली तेव्हा ह्यांनी वायर, फ्यूज, बटण, सगळं पाहिलं. खारी हवा ती, अर्थिंगला गंज होता, तो घासून काढला. जीप जॅकवर घेतली, बटण दाबलं, खट्ट. एक चाक हातानं फिरवलं की दुसरं बरोबर फिरतंय. वीस वेळा करून पाहिलं, वीसही वेळा धरलं. जीप गेली. आठ दिवसांत परत! दुसऱ्यांदा हवेच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितले. कुठंही गळती नाही. तरी नळी बदलली, हवा सोडणारा व्हॉल्व्ह बदलला. परत वीसदा खट्ट. परत सगळं ठीक. मी म्हटलं, “त्या रामचंद्राक चालवूक येणा नाय.” हे म्हणाले, “तसा म्हणा नको. गाडी खोटा बोलणा नाय.”

तिसऱ्यांदा मात्र आभाळ कोसळलं. दर्याला उधाण होतं, जीप चार होड्या वर घेऊन पाचवी ओढत होती, आणि अर्ध्या वाटेत लॉकर सुटला. चाक रेतीत गेलं, होडी लाटांना आडवी झाली आणि तिची एक फळी फुटली. दुसऱ्या दिवशी रामचंद्र दुसऱ्या गाडीला दोर लावून जीप डिचोलीला घेऊन आले आणि गॅरेजात उभं राहून ओरडले. चार गिऱ्हाइकं बसली होती, समोरचा पानवाला बाहेर आला.

“बाबलीबाब, तीन खेपा झाल्यो! माझी होडी फुटली! जमत नाय तर जमत नाय म्हणा, आणि तो बोर्ड काढा!”

मी हातातलं ताट घेऊनच बाहेर आले होते. माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नका. पण मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी शिडी घेतली, वर चढले आणि दोन्ही बोल्ट सोडून बोर्ड खाली उतरवला. पुसला, घरात नेला, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवला. परत येऊन रामचंद्रांना म्हणाले, “जीप ठेवन जावा. काम जमला नाय तर बोर्ड परत चढवचंय नाय.”

एवढंच. आणि हा माणूस बोलतो ते करतो. बारा वर्षांचं नाव, आणि ते एका जीपवर लावून मोकळे! मी तीन दिवस त्या बोर्डासमोर भाकऱ्या भाजत होते. तो ‘ज’ माझ्याकडे बघत होता. एकदा रागानं त्याच्यावर फडकं टाकलं, मग वाईट वाटून परत काढलं.

ते तीन दिवस हे जीपच्याखालीच. अख्खा अ‍ॅक्सल बाहेरून खरवडला, लॉकर उतरवला, रबरी रिंगा बदलल्या, परत बसवला. चूक सापडली नाही. आणि हे मला सांगायला लाज वाटत नाही, चौथ्या दिवशी सकाळी माझा नवरा चहाचा कप तसाच ठेवून उठायला लागला. कप उचलताना बोटं वाकत नव्हती.

“हात बघू,” मी म्हटलं.

“काय नाय, पाना लागलो आसतलो.”

मी हात ओढून घेतलाच. बोटांच्या बेचक्यांत फोड. पाणी धरलेले, कडेला काळपट, आसपासची कातडी सुकून सुटायला आलेली. ते फोड बघून मी क्षणभर पार्शाला पोचले. माझं माहेर पार्से. घरामागं काजूची बाग, आणि बिया भाजून फोडायला आम्ही सगळ्या बहिणी. आई आधी हाताला खोबरेल चोळायला लावायची, कारण टरफलातलं तेल लागलं की दोन दिवसांनी हे असे फोड यायचे. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

“ह्ये काजूच्या तेलाचे फोड!” मी ओरडले. “आक्टोबरात काजू खंय भाजलात तुम्ही?”

ह्यांनी हात सोडवून घेतला. मग उठले आणि तसेच गॅरेजात गेले. मी मागोमाग.

जीपच्या पोटाखाली काळा थर होता. पावसाआधी लोक जळकं ऑइल फासतात, तसलाच असणार असं धरून ह्यांनी तो नुसता खरवडून टाकला होता. मी वाकून त्यातला एक तुकडा काडीवर घेतला, वास घेतला. शंकाच नको. मासेमार होड्यांना कीड लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल फासतात, तेच. नारळी पुनवेआधी पाच होड्या तेल लावून झाल्या असणार, डब्यात उरलं असणार, आणि रामचंद्रांना वाटलं असणार, होडीचं लाकूड राखतं ते जीपचं लोखंडही राखील. कुणा डिचोलीकराच्या हे डोक्यातसुद्धा आलं नसतं.

“पण तेलान लॉकर कसो बंद पडतलो?” मी विचारलं.

“आता तापवन बघूक व्हया,” म्हणत ह्यांनी जीप बाहेर काढली आणि मये गावापर्यंतचा चढ-उतार तासभर चालवून आणली. आणि मग, माझ्या देखत, कामाच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, गरम गाडीच्या खाली गेले. अ‍ॅक्सलवर ऑइल भरायचं बूच असतं, त्याला जाड फडकं गुंडाळून ते हळूच सैल केलं.

फुस्सऽऽ!

आत कोंडलेली हवा अशी सुटली की मी दोन पावलं मागं झाले. हे जीपखाली हसत होते! अ‍ॅक्सलच्या माथ्यावर करंगळीच्या टोकाएवढी एक टोपी असते, आत तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून. तिच्यात काजूचं तेल शिरून सुकलं होतं आणि डांबरासारखं घट्ट झालं होतं. बाहेरून खरवडली तरी आतलं भोक बंदच. जीप रेतीत राबली की आतली हवा तापून फुगायची, तिला वाट नाही, मग ती ऑइलला लॉकरच्या बारीक नळीत उलटं रेटायची आणि लॉकर धरायचाच नाही. थंड झाली की सगळं जागेवर. आणि आम्ही? आम्ही तीनही वेळा तिला रात्रभर थंड करून तपासली. शिस्तीनं!

ह्यांनी ती टोपीच काढून टाकली. तिथं लांब रबरी नळी जोडून ती वर डिझेल टाकीच्या तोंडाजवळ नेऊन बांधली, जिथं पाणी, रेती आणि कुणाचा ब्रश पोचणार नाही. परत तासभर चालवली, परत बूच सैल केलं. आवाज नाही.

हरमलला मीही गेले. “तू कित्याक?” म्हणाले. म्हटलं, बोर्ड माझ्या स्वयंपाकघरात आहे, मी येणार. वाटेत मला बजावलं, “तेंका चार माणसांत काय एक बोला नको.” मी पेडण्यापर्यंत गप्प बसले, हेच खूप.

ओहोटी होती. ह्यांनी आधी किनाऱ्यावर जीप मुद्दाम तासभर राबवली, तापू दिली, मग दोर बांधायला सांगितलं. पहिली होडी गेली, दुसरी गेली. रामचंद्र हात बांधून उभे. तिसरी, चौथी. पाचवीला फुटलेल्या फळीच्या जागी नवी फळी होती, लाकूड अजून पांढरं. जीप अर्ध्या वाटेत आली आणि उजवं चाक रेतीत बसलं, गरगरायला लागलं. नेमकी तीच जागा. मी पदर तोंडात धरला. ह्यांनी बटण दाबलं. खट्ट. दोन्ही चाकांनी रेती धरली, जीपनं एक हिसका दिला आणि होडी सरळ वर, होड्या ठेवायच्या खोपीपर्यंत.

सगळे ओरडले. रामचंद्र पळत आले. “बाबलीबाब, शेवटी होता काय?”

आणि आमचे हे म्हणतात, “चूक माझी. गरम गाडी मी कधी तपासलंयच नाय. आणि दर्यावरची जीप, तिची हवेची नळी पैल्याच दिसा वर काढूक व्हयी होती.”

मी दातओठ खाल्ले. खरं सांगते, जीभ दाताखाली धरली. पण जीपची चावी द्यायला ह्यांनी हात पुढं केला आणि रामचंद्रांची नजर त्या फोडांवर गेली. त्यांनी आपले हात उलटे करून पाहिले. त्यांच्या बोटांवर तसलेच जुने डाग. त्या माणसाचा चेहरा उतरला. मग तो, माझं त्याच्याविषयीचं मत त्या दिवशी बदललं, रापणीचं जाळं ओढणाऱ्या सगळ्या मासेमारांसमोर मोठ्यानं म्हणाला, “खोटा बोला नकात, बाबलीबाब. तेल माझ्या हातान लागला. आणि मी तुमका बोर्ड काढूक सांगलंय!”

“अर्धी तुमची, अर्धी माझी,” हे म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून, “आणि फॉल्ट हिनां धरल्यान.”

ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या रेतीत कळलं. पार्शाला लहानपणी ज्या फोडांसाठी मी रडले होते, ते असे कामाला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामचंद्र डिचोलीला हजर. माझ्या स्वयंपाकघरात चप्पल काढून आले, बोर्ड स्वतः उचलला, शिडीवर चढले. पानवाला परत बाहेर आला, तेवढीच चार गिऱ्हाइकं परत जमली. रामचंद्रांनी बोल्ट आवळले आणि खाली बघितलं.

आमचे हे रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, मान तिरकी केली, आणि म्हणाले, “उजवी बाजू वायच वर घेया, रामचंद्रबाब. वाकडो दिसता.”

आणि त्यांनी घेतली.