डावी नथ, उजवी नथ

त्या पिक्चरची आठवण झाली की मला अजून शिसारी येते. गोदावरीकाठच्या गावातली गोड, हसरी प्रेमकहाणी म्हणे! आणि त्या गोदावरीला लाटा येत होत्या, समुद्राच्या. मागं एक शिडाचं गलबतही दिसलं. रोज त्याच गोदावरीत अंघोळ करणारी नांदेडची माणसं टाळ्या पिटत होती.

निजामाचं राज्य होतं. मी बिलोलीकडं सरकारी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवायचो. पोरांच्या वह्यांत चुका शोधायची सवय अंगात मुरली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आईनं माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती, तेही बायकोच्या देखत. मी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं. बायकोला नांदेडच्या हकिमाला दाखवायला आणलं, त्यानं पुड्या बांधून दिल्या. मोटारीला वेळ होता, म्हणून तीनच्या खेळाला गेलो. तिचा तो जन्मातला पहिला पिक्चर. ती पडद्याआड जनान्यात बसली, मी बाप्यांत.

पुढं काय काय सोसलं म्हणून सांगू! नायक नदीत पडला आणि बाहेर आला तर धोतर पापडासारखं कोरडं. दोघं शेतात हुरडा खात होते आणि डोक्यावर पाडाचे आंबे लोंबत होते. पौषात आंबा! नायिकेची नथ विहिरीवर डाव्या नाकपुडीत, घरी आली तर उजव्या. आणि तो गाढव तिच्या तोंडाकडं टक लावून बघतोय, तरी त्याला पत्ता नाही.

खेळ सुटला तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. पुढच्या दारानं निघालो आणि मोटार अड्ड्याच्या वाटेला लागलो. मागून जोडव्यांचा आवाज येत होता. आमच्यात नवरा पुढं, बायको दहा पावलं मागं. वळून बघणारा बाईलवेडा ठरायचा. मी तसाच, पुढं बघत, एकेक चूक मोठ्यानं मोजू लागलो. लाटा झाल्या, धोतर झालं, आंबे झाले. नथीशी आलो तेव्हा मला राहवेना.

"थू असल्या माणसावर!" मी ओरडलो. "स्वतःच्या बाईच्या तोंडाकडं बघतोस आणि तुला एवढं कळत न्हाई?"

"खरं हाय, बाबा," मागून आवाज आला. तो माझ्या बायकोचा नव्हता.

वळलो. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी उभी होती.

"लई ग्वाड बोलून राहिला होतास, म्हणून ऐकत आले," ती म्हणाली. "तुझी बाई कुठं हाय?"

जनान्याचं दार पलीकडच्या बोळात उघडतं हे मला माहीत होतं. आत जाताना मीच तिला तिथं सोडलं होतं. अर्धा कोस परक्या बाईला पाठीशी घेऊन आलो आणि पडद्यावरच्या माणसावर थुंकत होतो. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. स्वतःची एवढी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

पळत सुटलो. लोक बघत होते, बघू देत. बोळात पोचलो तर सगळ्या बायका गेलेल्या. दाराशी ती एकटी, भिंतीला टेकून. हकिमाच्या पुड्या मुठीत आवळून पार चुरगळल्या होत्या. रडत नव्हती. रडून झालं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू मागं हायस."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मला वाटलं, तुम्ही सासूबाईंचं ऐकलं," ती म्हणाली. "सोडून द्यायलाच आणलं होतं म्हटलं."

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की दुसरं लग्न मी करणार नाही. ते मी घरी गेल्यावर आईला सांगितलं, त्याच आठवड्यात, आणि बायको ऐकत असताना सांगितलं.

पण त्या संध्याकाळी एवढंच म्हणालो, "आता तू पुढं चाल. मी मागून येतो."

"लोक हसतील."

"हसू दे."

ती पुढं निघाली. अड्डा येईपर्यंत दर दहा पावलांवर ती थांबायची, वळून बघायची, मी आहे ना याची खात्री करायची, आणि मग पुढचं पाऊल टाकायची.